खिशात काय काय ठेवू? आधी पंधरा दिवस लिहून काढ

पत्र: ताई, मी गोदामात शिफ्टमध्ये काम करतो, पहिलीच नोकरी आहे. आठवड्याआड रात्रपाळी असते आणि बसमधून उतरल्यावर घरापर्यंत वीसेक मिनिटं चालत यावं लागतं. व्हिडिओ बघून बघून मला पण रोज खिशात ठेवायचं एक किट बनवायचंय. यादी केली तर २३ वस्तू झाल्या. एक स्वस्तातलं मल्टीटूल (एकातच घडीची बरीच अवजारं असतात ते) घेतलं, दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या पक्कडीचा एक जबडा तुटला. बाकीचं सामान पाऊचमध्ये भरलं तर वजन ६०० ग्रॅमच्या वर गेलं, चार दिवस नेलं, आता दोन महिने झाले पाऊच घरीच पडलंय. बजेट म्हणाल तर एका दिवसाच्या पगाराएवढं, त्याच्या वर नाही जमणार. रूममेट म्हणतो फोनमध्ये टॉर्च आहे की, हे सगळं कशाला. चाकू ठेवावा का नाही ते पण सांगा. आणि त्या तुटलेल्या मल्टीटूलचं काय करू?

उत्तर: तुझ्या २३ वस्तूंपेक्षा मला पत्रातली एकच ओळ महत्त्वाची वाटली, पाऊच दोन महिने घरी पडलंय ती. खिशातलं किट आधी खिशात असलं पाहिजे, मग त्यात काय आहे, टायटॅनियमचं आहे का पितळेचं हे सगळं नंतर. ६०० ग्रॅम म्हणजे किती ते बघ, आजकालचा फोन साधारण २०० ग्रॅमचा असतो, म्हणजे तू तीन जादा फोन खिशात घालून अख्खी शिफ्ट उभ्याने काढत होतास, चार दिवस नेलंस हेच खूप झालं. यात तुझा आळस वगैरे काही नाही, जड वस्तू माणूस घरी ठेवतोच. आणि बजेट कमी आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, मनापासून सांगते, कमी पैशात बनवलेलं किट बहुतेक वेळा हलकं होतं आणि हलकं असलं की रोज सोबत येतं. माझा आकडा विचारशील तर फोन, पाकीट, किल्ल्या सोडून बाकी सगळं मिळून १५० ग्रॅम. त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही.

आता ती यादी. ती तुझी नाहीये रे, ती व्हिडिओतल्या माणसांच्या खिशाची आहे. कुणी जंगलात भटकणारा असतो, कुणी मेकॅनिक असतो, कुणाला नुसता वस्तू जमवायचा शौक असतो (त्यात वाईट काही नाही, पण तो शौक वेगळा आणि किट वेगळं). तू असं कर, पंधरा दिवस काहीच विकत घेऊ नकोस. फोनमध्ये एक नोट उघड आणि ज्या ज्या वेळी "अरे, आत्ता हे हवं होतं" असं वाटेल तेव्हा लगेच तिथल्या तिथे लिही, संध्याकाळी आठवून लिहू नकोस कारण बारीकसारीक गोष्टी विसरल्या जातात आणि किट खरं तर त्याच बारीकसारीक गोष्टींसाठी असतं. मी केलं होतं तेव्हा पंधरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या: चार वेळा पेन नव्हतं, तीन वेळा उजेड हवा होता, दोन वेळा चार्जिंगची केबल, एकदा बॅगेचा बंद तुटला आणि एकदा बोटात लाकडाचं कुसळ गेलं ते निघेना. तोपर्यंत मी दोरीचं ब्रेसलेट आणि आग पेटवायची चकमक घेऊन बसले होते, त्यांची गरज एकदाही लागली नाही, आणि साधं पेन माझ्याकडे नव्हतं.

ज्या अवजारांची सगळे नक्कल करतात ना, ती पण अशीच आधी गरज आणि मग वस्तू अशी बनली आहेत. स्विस सैन्याने १८९० च्या सुमाराला सैनिकांसाठी घडीचा चाकू ठरवला तेव्हा त्यात चारच गोष्टी होत्या: पातं, भोक पाडायचा टोच्या, डबा उघडायचं पातं आणि स्क्रू ड्रायव्हर. का, तर सैनिकाला डबाबंद जेवण उघडायचं होतं आणि नवी रायफल खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागत होता, बस. कार्ल एल्सेनर नावाच्या स्विस चाकू बनवणाऱ्याने त्याचाच हलका, जास्त पात्यांचा प्रकार नंतर १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी काढला. आणि पक्कडवाल्या मल्टीटूलची गोष्ट तर अजून जवळची आहे, टिम लेदरमन १९७५ मध्ये युरोपात एक जुनी फियाट घेऊन फिरत होता, गाडी सारखी बिघडायची, खिशात साधा चाकू होता आणि दर वेळी पक्कड हवी असायची. त्याची कंपनी उभी राहिली १९८३ मध्ये. म्हणजे त्याची नोंदवहीच म्हण ना, फक्त त्यात एकच ओळ होती, पक्कड नव्हती. तुझ्या नोंदीत पक्कड किती वेळा येते बघ, एकदाही आली नाही तर मल्टीटूल तुटलं याचं दुःखच करू नकोस.

तरी पंधरा दिवस न थांबता आजच एक गोष्ट घे असं मी म्हणेन, कारण तू रात्री चालत येतोस. टॉर्च. बजेटचा निम्मा भाग यावर घाल, काही हरकत नाही.

रूममेटचं म्हणणं चूक नाही, ड्रॉवरमध्ये पडलेली वस्तू शोधायला फोनचा उजेड पुरतो. पण रात्रपाळी संपताना फोन किती टक्क्यांवर असतो ते तूच बघ, त्यात टॉर्च लावून वीस मिनिटं चाललास आणि नेमका फोन करायची वेळ आली तर? शिवाय फोनचा उजेड जवळ पसरतो, लांब जात नाही, पाच-सात पावलांपुढे खड्डा आहे का कुत्रं झोपलंय ते कळत नाही. पावसात फोन बाहेर काढायचा नसतो. कुलूप उघडताना एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात सामान असेल तर छोटा टॉर्च दातात धरता येतो, फोन नाही येत. आणि फोन पडला तर महिन्याचं बजेट गेलं, टॉर्च पडला तर उचलायचा आणि चालू लागायचं.

घेताना डब्यावर छापलेल्या हजारो लुमेनच्या (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं माप) मागे लागू नकोस, एका पेन्सिल सेलवर हजार लुमेन असं लिहिलेलं दिसलं तर तो डबा तिथेच ठेव. अंदाज यावा म्हणून सांगते, एका मेणबत्तीचा चहूबाजूंनी मिळून उजेड साधारण १२ लुमेन असतो. कुलपाचं भोक शोधायला ५ लुमेन भरपूर झाले आणि रस्त्याने चालायला शंभरेक. बघायचं ते असं की उजेडाच्या किमान दोन पायऱ्या हव्यात, त्यातली एक अगदी मंद, कारण मंद उजेडात सेल कितीतरी पट जास्त टिकतो आणि झोपलेल्या रूममेटच्या डोळ्यावरही येत नाही. शक्यतो सेल एकच लागणारा घे. बारीक सेलचा (म्हणजे एएए) टॉर्च पेनासारखा खिशाला अडकतो, नेहमीच्या पेन्सिल सेलचा (एए) जरा जाड होतो पण त्यात जवळपास अडीच पट जास्त ताकद मावते, सेलचं वजनही त्याच हिशोबात दुप्पट, एक साधारण १२ ग्रॅम आणि दुसरा २३. तुझं वीस मिनिटांचं रोजचं चालणं बघता मी एए घेतला असता. चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड सेल दोन घेतलेस की एक टॉर्चमध्ये आणि एक घरी चार्ज होऊन तयार, परत परत विकत घ्यायची कटकट नाही. चार्जर मात्र लागतो, तो खर्च आत्ता नको असेल तर घरात कुणाकडे आहे का विचार. आतच बॅटरी असलेले आणि फोनच्या केबलने चार्ज होणारे छोटे टॉर्चही चांगले असतात, फक्त ते चार्ज करायचे लक्षात ठेवावं लागतं.

साधे अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये घालून विसरून जाऊ नकोस हे मात्र जीव तोडून सांगते. माझा चांगला टॉर्च बॅगेच्या कप्प्यात सहा-सात महिने तसाच राहिला आणि गरज लागली तेव्हा पेटेचना, झाकण फिरवायला गेले तर ते चिकटलेलं. कापडात धरून जोर लावून उघडलं तर आत स्प्रिंगवर पांढरी खरखरीत भुकटी, साखर ओली होऊन वाळल्यावर जशी घट्ट बसते तशी, आणि सेल आतमध्ये रुतून बसलेला. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, हवा लागली की त्याची ही भुकटी होते आणि ती धातू खात जाते. अल्कली असल्यामुळे त्यावर आम्ल चालतं, म्हणून कान साफ करायच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून स्प्रिंग पुसली, बारीक फेस आला, मग पाण्याच्या ओल्या काडीने पुसून दिवसभर कोरडी केली. टॉर्च वाचला, पण त्या रात्री जिना अंधारातच चढले ना. हे करताना हाताला लागू द्यायचं नाही आणि डोळ्याजवळ तर अजिबात न्यायचं नाही. आणि खिशात आपोआप पेटून सेल संपू नये म्हणून टॉर्चचं मागचं झाकण पाव फेरा सैल ठेव, बऱ्याच टॉर्चमध्ये एवढ्यानेच सर्किट तुटतं, घेतल्यावर करून बघ.

आता चाकू. तुझ्या कामाच्या ठिकाणी खोकी फोडायला कटर मिळतच असेल, मग खिशात वेगळं मोठं पातं कशाला? चाकू बाळगायचे कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, पात्याची लांबी, लॉक होणारं पातं, सगळ्यावर नियम असू शकतात, तर आधी तुझ्या भागातला नियम बघ आणि तुझ्या कंपनीच्या गेटवर काय चालतं तेही विचार, नोकरी नवीन आहे, एवढ्यासाठी अडचण ओढवून घेऊ नकोस. विमानात केबिनच्या बॅगेत बहुतेक ठिकाणी पातं नेऊ देत नाहीत हे तर आहेच. आणि एक गोष्ट तू लिहिली नाहीस पण रात्री एकटा चालतोस म्हणून विचारते, अंगावर कुणी आलं तर म्हणून चाकू हवाय का? तसं असेल तर तो विचार डोक्यातून काढून टाक बाळा. काढलेला चाकू आपल्याच हातातून हिसकावला जाऊ शकतो आणि मग जे होतं ते परत फिरवता येत नाही. डोळ्यावर टॉर्च मार, ओरड, पळ, पाकीट मागितलं तर देऊन टाक.

कापायला काहीतरी हवंच असेल तर ५८ मिलिमीटरचे जे छोटे स्विस चाकू येतात, ज्यात एक बोटभर पातं, कात्री, नखाची कानस आणि चिमटा असतो, तो प्रकार बघ. वजन वीसेक ग्रॅम. रोजच्या जगण्यात कात्री आणि चिमटाच जास्त लागतो, निघालेला धागा, औषधाचं पाकीट, कुसळ. गेटवर पातं चालत नसेल तर नुसती घडीची कात्री घे. कमी पैशात हे बसवायचं असेल तर नवीन स्वस्त घेण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचं जुनं वापरलेलं घे, कोमट साबणाच्या पाण्यात उघडझाप करत जुन्या टूथब्रशने घासायचं, नीट वाळवायचं, सांध्यात तेलाचा एक थेंब, बहुतेक वेळा नव्यासारखं चालतं. धार गेली असेल तर कप उलटा कर, चिनी मातीच्या कपाच्या बुडाला खाली एक खरबरीत, चमक नसलेली कड असते, त्यावर पातं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने दहा-बारा वेळा ओढ. बोथट पातं घसरतं आणि बोट कापतं, म्हणून छोटं असलं तरी धारदार हवं.

आता फुकटात होणाऱ्या गोष्टी, आणि खरं सांगू, मला याच जास्त आवडतात.

डक्ट टेप. अख्खा रोल कुणी खिशात ठेवत नाही. मुदत संपलेलं एखादं प्लॅस्टिकचं कार्ड घे, बँकेचं नको, लायब्ररीचं किंवा कुठल्यातरी मेंबरशिपचं. कार्ड साधारण ८६ मिलिमीटर लांब आणि ५४ रुंद असतं आणि टेपची रुंदी साधारण ४८, त्यामुळे टेप कार्डाच्या रुंदीत बरोबर बसते, लांबीच्या दिशेने गुंडाळत जा. एक वेढा म्हणजे १७ सेंटिमीटर, सहा वेढे झाले की मीटरभर टेप कार्डावर, जाडी जेमतेम वाढते. शेवटचं टोक नखाएवढं आत दुमडून ठेव, नाहीतर अंधारात टोक शोधत बसशील. बुटाचा तळ सुटला, बॅग फाटली, चार्जरची वायर उघडी पडली (ती तात्पुरती बरं का, आणि प्लग काढून), सगळ्याला चालते. गोदामात कुणाकडे तरी रोल असेलच, मीटरभर मागितली तर कुणी नाही म्हणणार नाही.

दोन सेफ्टी पिना, एक मोठी एक लहान. एका सुईत आधीच हातभर काळा दोरा ओवून जाड कागदाच्या तुकड्यावर गुंडाळून ठेव, कारण बसमध्ये उभं राहून सुई ओवणं होत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंद दोन तुकडे आडवे काप, असले रबर बँड वर्षानुवर्षं तुटत नाहीत. मोठा सुती रुमाल, त्याचा उपयोग घाम पुसण्यापलीकडे आहे, हात कापला तर दुमडून जखमेवर घट्ट दाबून धरायला तोच कामाला येतो, आणि दाबून धरलं की दहा मिनिटं उचलून बघायचं नाही. जखमेच्या चिकटपट्ट्या तीन पुरेत, पण खिशातल्या उष्णतेने त्यांचा गोंद जातो, म्हणून पाच-सहा महिन्यांनी बदल. तुला डॉक्टरांनी दिलेलं रोजचं काही औषध असेल तर एका वेळेचा डोस त्याच्या मूळ पट्टीसकट काप, नाव आणि मुदत दिसली पाहिजे, सुट्या गोळ्या डबीत एकत्र करू नकोस. आणि तुझी गोळी दुसऱ्याला देऊ नकोस, त्याला काय चालत नाही ते आपल्याला माहीत नसतं.

पेन छोटं, टोपण नसलेलं, खटक्याचं. त्याच्यासोबत एक कागद, ज्यावर घरच्यांचे दोन फोन नंबर, तुझा रक्तगट, कशाची ॲलर्जी असेल तर ती. फोन बंद पडला की आईचा नंबरही आठवत नाही अशी आपली सगळ्यांचीच अवस्था झालीये, म्हणून हा कागद मी टॉर्चच्या खालोखाल महत्त्वाचा मानते. पेनाने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी मार म्हणजे घामाने पुसणार नाही. घराचा पत्ता मात्र किल्ल्यांना लावू नकोस, किल्ल्या हरवल्या तर सापडणाऱ्याला दारच दाखवल्यासारखं होईल. त्या कागदात एक नोट दुमडून ठेव, घरी पोचण्यापुरती, आणि ती मोडायची नाही.

पॉवर बँक यादीत होती का तुझ्या? आत्ता नको. जड असते आणि पाच हजार एमएएचच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) पॉवर बँकेतून फोनमध्ये प्रत्यक्षात साधारण तीन हजारच पोचतात, बाकी व्होल्टेज बदलताना वाया जातात. बहुतेक ठिकाणी चार्जर कुणाकडे तरी असतो, नसते ती आपल्या फोनची केबल. वीतभर लांबीची केबल घे, मुठीत मावते.

शिट्टी किल्ल्यांना लाव, आत गोळी नसलेली, ती भिजली तरी वाजते. लिफ्टमध्ये अडकलास किंवा कुठे पडलास तर ओरडून ओरडून घसा बसतो, शिट्टीला दम कमी लागतो आणि आवाज लांब जातो. डोंगरात मदतीची एक जुनी खूण आहे, मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. ऐकणारा मिनिटात तीन वेळा वाजवून उत्तर देतो. रूममेटला पण सांगून ठेव.

दोरी, चकमक, कंपास, हे तुझ्या नोंदीत आलं तर घे, नाही आलं तर सोड.

ठेवायचं कशात, तर पत्र्याची डबी दिसायला छान असते पण तू दिवसभर वाकतोस, उठतोस, तिचे कोपरे मांडीला टोचतील आणि आतलं खडखडेल. छोटं सपाट झिपचं पाऊच घे, तळहाताएवढं. मोठं घेऊ नकोस कारण जागा दिसली की आपण भरतो. आणि सगळं एकाच जागी नसलं तरी चालतं, शिट्टी आणि छोटा चाकू किल्ल्यांना, कागद आणि नोट पाकिटात, टॉर्च शर्टाच्या किंवा पँटच्या खिशाला क्लिपने, पाऊचमध्ये उरलं तेवढंच. पगाराच्या दिवशी एकदा सगळं टेबलावर ओत, टॉर्च पेटवून बघ, चिकटपट्ट्यांची मुदत बघ, महिनाभरात ज्याला हात लागला नाही ते हातात धरून विचार कर की हे का आहे. कागद, शिट्टी आणि चिकटपट्ट्या वापरल्या नाहीत तरी राहू देत, बाकीच्यांना सवलत नाही.

पैशांचा हिशोब मग असा होतो, निम्मे टॉर्च आणि सेलवर, पाव भाग जुन्या छोट्या चाकूवर किंवा कात्रीवर, उरलेल्या पावात केबल, शिट्टी आणि पाऊच. त्यात चाकू बसत नसेल तर तो पुढच्या पगारापर्यंत थांबू दे, पण टॉर्चमधले पैसे काढून चाकूला लावू नकोस.

आणि ते तुटलेलं मल्टीटूल. पुढच्या वेळी घ्यायचं झालं तर दुकानातच पक्कड मिटून उजेडासमोर धर, दोन जबड्यांच्या मधून उजेड सगळीकडे सारखा दिसतो का बघ, आणि पाती उघडून बाजूला हलवून बघ, लटपटत असतील तर घेऊ नकोस. एवढ्याशा जागेत पंधरा-सोळा अवजारं कोंबलेली असली की प्रत्येक पातळ होतं. पण आहे ते टाकू नकोस. जबडा तुटला म्हणजे पक्कड गेली, स्क्रू ड्रायव्हर आणि कानस तर शाबूत असणार ना? तुटलेल्या जागेची टोकदार कड कानशीने घासून गुळगुळीत कर, उरलेल्या जबड्यावर टेपचे दोन वेढे दे आणि कामावरच्या लॉकरमध्ये ठेवून दे, गेटवर विचारून. वजन लॉकरला उचलायचंय, तुला नाही. पंधरा दिवसांनी तुझी नोंद मला पाठव, त्यात काय काय आलं ते बघायला मला खरंच आवडेल, आणि २३ मधल्या किती वस्तू उरल्या तेही लिही.